मोंबासाच्या जहाजाचे कागद

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. वय झालं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टर बजावतात की रागावू नका. पण काही राग गोळीला जुमानत नाहीत. चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांच्यावर मी कामापुरता रागावलो आणि काम संपल्यावर विसरलो. पण घरातल्याच माणसानं घरातल्या बाईची वाट अडवली आणि वर ठाण्यात येऊन आम्हालाच कामाला लावलं, तो राग अजून उतरलेला नाही. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे. तेही सांगतो, लपवत नाही.

साठ सालानंतरचे दिवस. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी जळगावात फौजदार होतो. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

मंगळवार होता. कापसाचे दिवस. जिनिंगकडे जाणाऱ्या बैलगाड्यांनी रस्ता असा अडलेला की सायकलसुद्धा निघत नव्हती. सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ आत आला. स्वच्छ धोतर, काळा कोट, पांढरी टोपी. गावात त्याला आबा म्हणत, म्हणून मीही इथे आबाच म्हणतो. एरंडोलच्या पलीकडच्या एका गावचा, बऱ्यापैकी शेती असलेला. त्याच्या मागे पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेली एक तरुण बाई. तिनं हातातली लोखंडी पेटी व्हरांड्यात ठेवली आणि तिच्यावरच बसली.

आबाची फिर्याद अशी: त्याचा धाकटा भाऊ भुसावळला रेल्वेत फिटर होता. चार वर्षांपूर्वी तो आफ्रिकेत मोंबासाला वर्कशॉपात नोकरी धरून गेला. ही त्याची बायको. नवऱ्यानं तिला बोलावून घेतलं होतं. शनिवारी मुंबईहून जहाज होतं. नवऱ्याच्या ओळखीचं एक कुटुंब त्याच जहाजानं जाणार होतं, त्यांच्या सोबतीनं हिला जायचं होतं. आबा तिला मुंबईला पोहोचवायला निघाला होता. गावाहून एस.टी.नं जळगावला आले, आणि स्टँडवर उतरताना गर्दीत कुणीतरी पिशवी कापली. आतलं मेणकापडाचं पाकीट गेलं. पाकिटात तिचा पासपोर्ट, तिकडच्या सरकारचा प्रवेशाचा परवाना, जहाजाचं तिकीट आणि देवी टोचल्याचा दाखला.

"परवाना कधीपर्यंत चालतो?" मी विचारलं.

"हा महिना अखेर. मंग पुढं काही नही, साहेब. पुढचं जहाज महिन्यानं शे." आबानं कपाळाला हात लावला. "पोरीचं नशीब."

म्हणजे हिशेब सरळ होता. शनिवारच्या आत कागद मिळाले तर ही बाई नवऱ्याकडे जाते. नाही मिळाले तर परवाना संपतो, नवा पासपोर्ट निघायला किती महिने लागतील देव जाणे, आणि तिकडचं सरकार दुसरा परवाना देईल याची कुणी हमी देत नाही. लग्न होऊन पाच वर्षं झालेली. नवऱ्याबरोबर नांदली ती दहा महिने.

आमच्या हवालदाराचं पहिलं वाक्य काय असावं? "साहेब, एस.टी.त गेलं असेल तर एरंडोलची हद्द. स्टेशनात गेलं असेल तर रेल्वे पोलिसांची. आपण कशाला घ्या?"

मी टेबलावर हात आपटला. "आणि हद्द ठरेपर्यंत जहाज कुठं थांबवायचं? तुझ्या परसात?"

पोलीस खात्याचा हा जुना रोग आहे. गुन्हा समोर उभा असतो आणि आम्ही पायाखालची जमीन मोजत बसतो. मी स्वतः फिर्याद लिहून घेतली. आबा सांगत होता, मी लिहीत होतो. मजकूर संपल्यावर व्हरांड्याकडे वळून मी विचारलं, "काय बाई, असंच झालं ना?"

बाई काही बोलली नाही. पदर हललासुद्धा नाही.

"ती काय बोलनार साहेब, घाबरी गई ती," आबा म्हणाला.

मी मान डोलावली आणि फिर्यादीखाली लिहिलं: 'सोबतच्या भावजयीने वरील मजकुरास दुजोरा दिला.' सही घेतली ती आबाची. चहा मागवला आणि कामाला लागलो.

माझा तपास कसा चालला ते वाचा. मंगळवारी दुपारपर्यंत स्टँड, स्टेशन आणि बाजारपेठ या टापूतले सगळे माहितीतले खिसेकापू मी ठाण्यात आणून बसवले. पोस्टमास्तरांना भेटून स्टँडजवळच्या आणि स्टेशनजवळच्या पत्रपेट्या उघडायला लावल्या. लोकांना ठाऊक नसतं, पण खिसेकापूंची एक रीत असते. पाकिटातले पैसे काढून घेतात आणि कागदपत्रं लाल पेटीत टाकून देतात. कागद जवळ ठेवले तर पुरावा होतो, गटारात टाकावे तर गरिबाचं काम अडतं आणि शिव्याशाप लागतात. पोस्टमन ते बिचाऱ्या मालकाला पोहोचवतो. अशा पेटीतून मी रेशनकार्डं, दाखले, एकदा तर लग्नाची पत्रिका मिळवली होती. या खेपेला पेट्यांत पत्रंच होती. बुधवारी परत उघडल्या. काही नाही.

त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट खटकायला हवी होती. आबा दर दोन तासांनी म्हणायचा, "चल, घर चल आते. बसी ऱ्हाईसनी काय व्हनार शे?" बाई पेटीवरून उठायची नाही. रात्री जळगावातल्या त्यांच्या नात्यातल्या घरी जायची, सकाळी सातला, मी ठाण्यात यायच्या आधी, परत व्हरांड्यात. हवालदार म्हणाला, "बाई हट्टी दिसते." मीही तेच म्हटलं. माझ्या डोक्यात एवढं शिरलं नाही की ज्याच्या भावाच्या बायकोचे कागद गेले, त्याला घरी जायची एवढी घाई का.

बुधवारी संध्याकाळपर्यंत हाती काही नाही. माझं डोकं फिरलं. खिसेकापूंमध्ये एक म्हातारा होता, धंद्यात त्याला 'टेलर' म्हणत. तरुणपणी त्यानं खरोखर शिवणकाम केलेलं. स्टँडवरचा उस्ताद तो, बाकीचे त्याचे चेले. मी त्याला दोन थोबाडीत ठेवून दिल्या. खोटं कशाला बोलू, त्या काळी तपास असाच चालायचा आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

टेलर गाल चोळत म्हणाला, "साहेब, अजून मारा. तुमचा हात, माझा गाल. पण एकदा ती पिशवी तरी दाखवा की! ज्या कामाचा मार खातोय ते काम बघू तर द्या."

पिशवी! ती फिर्यादीच्या दिवसापासून माझ्या कपाटावर पडली होती. मी तिच्यावर नंबर टाकला, चिठ्ठी डकवली, पंचनाम्यात 'सुमारे तीन इंच लांबीचा काप' असं लिहिलं आणि कपाटावर टाकली. दुसऱ्यांदा हातात घेतली नव्हती. गुरुवारी सकाळी ती टेलरसमोर ठेवली.

त्यानं पिशवी हातात घेतली, उलटी केली, अस्तरावरून बोट फिरवलं आणि एवढा मार खाल्लेला माणूस चक्क हसला.

"साहेब, माझ्या नावावर हे काम लिहू नका. बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे बघा, वरचं कापड चार बोटं कापलंय आणि आतलं अस्तर सात बोटं. बाहेरून पातं घातलं तर वरचा काप मोठा येतो आणि आतला लहान. हे उलटं आहे. आणि ब्लेडची धार अशी दोरे ओढत नाही. हे विळ्याचं काम. आतून कापलंय, सावकाश, घरात बसून."

मी पिशवी परत घेतली. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं ते. मी दोन दिवस शहर पालथं घातलं आणि हाताशी असलेली पिशवी उलटी करून पाहिली नाही.

टेलरला सोडलं. जाताना तो म्हणाला, "चहा तरी पाजा साहेब." पाजला.

मग मी डोकं शांत ठेवून एक काम केलं. हवालदाराला सांगितलं, आबाला स्टेशनावर ने, रेल्वे पोलिसांनी पकडलेली दोन माणसं ओळखायची आहेत असं सांग आणि तासभर तिकडेच बसव. तेव्हा आमच्याकडे महिला पोलीस नव्हती. ठाण्यात झाडलोट करणारी एक वयस्क बाई होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. तिला बोलावून बाईशेजारी बसवलं आणि खुर्ची ओढून मी समोर बसलो.

"बाई, तुमचे जेठ इथं नाहीत. आता सांगा, काय झालं?"

तिनं दारापर्यंत नजर टाकली. मग हातानं पदर मागे सारला. मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. मला वाटलं होतं रडून सुजलेला असेल. डोळे कोरडे होते आणि त्यांत असा संताप होता की मी खुर्चीत सरळ बसलो.

"आज इचारतस?" ती म्हणाली. "मंगळवारपाईन मी आठे बसेल शे. तुमनी बठ्ठा गाव बोलावा. चोर बोलावा, पोस्टवाला बोलावा. माले कोनी इचारं?"

"मी विचारलं होतं," मी म्हणालो.

"कोनापुढे इचारं? जेठनापुढे!" तिचा आवाज चढला. "अक्का, तुम्हीच सांगा ह्यासले. जेठनापुढे तोंड उघाडता येस का?"

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काल जन्मलोय. "साहेब, धाकल्या भावाची बायको जेठासमोर बोलत नाही. सावलीसुद्धा पडू देत नाही. खान्देशात नोकरी करता, एवढं ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा तीच रीत होती. ठाऊक असून मी जेठाला शेजारी बसवून तिला प्रश्न विचारला होता.

"तुमनी काय लिखं माना नावखाले?" तिनं विचारलं.

मी फिर्याद काढली आणि वाचली. 'भावजयीने दुजोरा दिला.' दुजोरा म्हणजे काय, तिनं विचारलं. अक्कानं सांगितलं, "तू हो म्हनीस असं."

"मी कव्हय हो म्हनं?"

एका फौजदारानं खोटी नोंद केली होती. पैसे खाऊन नाही, दबावाखाली नाही, तर बाई गप्प आहे म्हणजे तिची कबुली आहे असं समजून. आळसापोटी म्हणा, सवयीनं म्हणा. माझा राग तेव्हा कुठे वळला ते वेगळं सांगायला नको.

तिनं सांगितलं ते असं. मंगळवारी पहाटे निघताना पिशवी तिच्या हातात होती, आत पाकीट होतं. सासूच्या पाया पडायला ती आत गेली तेव्हा पिशवी जेठाकडे दिली. परत घेतली तेव्हा हलकी लागली. जेठासमोर पिशवी उघडून बघणार कशी, आणि विचारणार कोणत्या तोंडानं? एस.टी.त बसल्यावर हात घातला तर पाकीट नाही आणि बोट सरळ कापातून बाहेर आलं. म्हणजे जळगाव येण्याच्या किती आधी पिशवी कापली होती बघा. ती गप्प बसली. तिला वाटलं, ठाण्यात पोलीस विचारतील. तिनं ऐकलं होतं की पोलीस सगळ्यांना वेगवेगळं विचारतात.

"पाकीट घरमाच शे, साहेब," ती म्हणाली. "सरकारी कागद जाळाले त्यास्नी छाती व्हनार नही. शिक्का शे ना त्यावर. पन कोठे दडाडं ते माले माहीत नही."

आबा परतला तेव्हा मी त्याला माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि पिशवी उलटी करून समोर टाकली. एवढंच म्हणालो, "आतून कापलीय."

त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं. नाकारणाऱ्यावर रागवायला सोपं जातं. तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला आणि उलट मलाच समजावायला लागला. "फौजदारसाहेब, घरचं मानूस घरमा ऱ्हायनं तर कोनाचं काय बिघडनं? आई दोन वरीसपाईन बाजवर शे. तिले उठाडनं, बसाडनं, धुनं, बठ्ठं हाईच करस. हाई गई तर कोन करी? आनी बायको तथी गई का भाऊ गयाच समजा. बायको आठे शे तवर तो येस. नहीतर कोन येस परत?"

"मग भावाला पत्र लिहायचं होतं. येऊ देणार नाही म्हणायचं होतं."

"भाऊले कसं सांगू? त्याले वाईट वाटी."

ऐकलंत? भावाला वाईट वाटेल! म्हणून भावाच्या बायकोचे कागद पळवायचे, तिला चार वर्षांनंतर दारातून मागे फिरवायचं, स्टँडवरच्या खिसेकापूंना मार खायला घालायचा आणि स्वतः फिर्यादी होऊन चहा प्यायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. माझा हात उचलला गेला होता. टेलरला ज्या हातानं मारलं तोच हात. मग लक्षात आलं की टेलर गरीब होता म्हणून मारलं, आणि याला मारलं तर गाव मोर्चा घेऊन येईल. माझा हातही माणसं बघून उठतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि स्वतःची किळस आली. हात खाली घेतला.

"पाकीट कुठंय?"

कितीही विचारलं तरी बोलला नाही.

मुख्यालयात एक जीप होती. बंदोबस्ताचं कारण सांगून ती मिळवली. आबा, ती बाई, अक्का आणि मी, दुपारच्या उन्हात त्यांच्या गावी पोहोचलो. दोन पंच घेतले. घरात कोठीतली ज्वारी बाहेर काढली, माळा बघितला, गोठा बघितला, गव्हाणीतला कडबा उपसला. तास गेला, दीड तास गेला. मला गाडी डोळ्यांसमोर दिसत होती. शुक्रवारी सकाळची गाडी चुकली तर शनिवारचं जहाज चुकलं.

शेवटी राहिली आतली खोली. तिथे बाजेवर म्हातारी. मी दारात गेलो आणि थांबलो. वास मारत होता. घरात आबाची बायको धरून दोन धडधाकट बायका, दोन गडी, आणि म्हातारीच्या अंगाखालची गोधडी मंगळवारपासून कुणी बदलली नव्हती.

"आईले हालवू नका, साहेब," आबा पुढे झाला. "तिले सोसाव नही."

त्याच्या आवाजावरून मला कळलं. पण मी त्या बाजेला हात लावू शकत नव्हतो. एक तर आजारी म्हातारी. दुसरं म्हणजे कायदा. मी झडतीत पाकीट काढलं तर ते जप्त करावं लागणार. जप्त केलं की तो मुद्देमाल झाला. मुद्देमाल कोर्टात जाणार, कोर्टाचा हुकूम झाल्यावर परत मिळणार. तोपर्यंत जहाज मोंबासाला पोहोचून परत आलं असतं. कागद सापडूनही ती बाई व्हरांड्यातच राहिली असती, आणि या वेळी तिला अडवणारा मी असतो.

मी पंचांना म्हणालो, "या खोलीची झडती मी घेत नाही. चला बाहेर." आणि बाईला म्हणालो, "तुमच्या सासूचं काय करायचं असेल ते तुम्ही करा."

तिला बरोबर कळलं. ती आत गेली. दारातून मला दिसत होतं. "आत्याबाई, मी उनू," ती म्हणाली.

"उनी का माय?" म्हातारीचा आवाज आला. "दोन दिन व्हयनात, पाठले काही टोची ऱ्हायनं म्हनी सांगस. कोनी ऐकस का? माले कूस बदलाडी दे."

बाईनं एक हात मानेखाली, एक कमरेखाली घातला आणि म्हातारीला सफाईनं कुशीवर वळवलं. गोधडीखाली मेणकापडाचं पाकीट होतं; मंगळवारी निघताना आईचा निरोप घ्यायच्या निमित्तानं आबानं ते तिथे सरकवलं असणार. त्याच्या कोपऱ्यानं म्हातारीच्या पाठीत जखम केली होती. रुपयाएवढी, ओली, लाल. दोन दिवस ती म्हातारी पासपोर्टावर पडून होती आणि सांगत होती की टोचतंय.

आबानं ते पाहिलं. भिंत धरून खाली बसला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. ज्या आईच्या नावानं त्यानं हे सगळं केलं, तिला दोन दिवसांत एकदा कुशीवर वळवायला याचे हात पुढे आले नाहीत. त्याला आईची सेवा हवी होती, पण दुसऱ्याच्या हातांनी!

मला वाटलं, आता ही पाकीट उचलेल आणि निघेल. तिनं पाकीट काढून कमरेला खोचलं आणि पाणी गरम करायला ठेवलं. मी बाहेर घड्याळ बघत येरझारा घालत होतो. तिनं सासूची पाठ पुसली, जखमेला तेल लावलं, गोधडी बदलली, तिला भात भरवला. म्हातारी कुशीवर पडून म्हणाली, "जाय माय. नवराकडे जाय. माझं व्हई काही."

मग ती बाहेर ओसरीवर आली. आबा तिथे होता. गावची पाचपन्नास माणसं अंगणात गोळा झाली होती. आणि त्या बाईनं, डोक्यावर पदर ठेवून पण चेहरा उघडा ठेवून, थेट जेठाकडे पाहून सांगितलं:

"दर दोन तासले कूस बदलाले लागस. रातले बी. जखमेवर रोज तेल. बायास्ना भरवसावर सोडू नका. तुमनी आई शे, तुम्हीच करा."

एक म्हातारा पुटपुटला, "जेठले बोलनी!" अक्कानं त्याच्याकडे वळून बघितलं आणि तो गप्प झाला. आबानं मान वर केली नाही. बाई जीपमध्ये येऊन बसली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तिला पाठवलं. सोबत हवालदार दिला, कागदोपत्री मुंबईला समन्स बजावण्यासाठी. तोच हवालदार, जो हद्द मोजत होता. रविवारी परत आला आणि स्वतःहून सांगायला माझ्या घरी आला. शनिवारी सकाळी आठला गोदीत हजर होते, डॉक्टरनं दाखला पाहिला, साहेबानं परवान्यावर शिक्का मारला, ते सोबतचं कुटुंब भेटलं, बाई जिना चढून वर गेली. "मागं वळून बघितलं का?" माझ्या बायकोनं विचारलं. "नाही वहिनी," हवालदार म्हणाला. "सरळ वर गेली."

आता गुन्ह्याचं काय? खोटी फिर्याद देऊन पोलिसांना फसवलं म्हणून आबावर खटला भरायचा असं मी ठरवलं होतं. फिर्याद खोटी होती, म्हणजे 'ब' समरी मागायची, 'जाणूनबुजून खोटी' असा कोर्टाचा शेरा. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ते म्हणाले, "घरगुती बाब आहे. कागद घरातच सापडले. गैरसमजातून फिर्याद दिली असं धरा. 'क' समरी करा आणि मिटवा." मी वाद घातला. पुरावा काय, त्यांनी विचारलं. पाकीट जप्त केलंत? नाही केलं. का नाही केलं? मी सांगितलं, जहाज चुकलं असतं. ते म्हणाले, "मग आता बोलू नका." ते कायद्यानं बरोबर होते. मी 'क' समरी लिहिली. आबा त्या वर्षीही गावात आबाच राहिला, पंचायतीत बसला, लग्नांत मानाचा नारळ घेतला. त्याला शिक्षा झाली नाही. लिहिताना आजही माझे दात एकमेकांवर घासतात.

अहवालात एक रकाना होता, तपासास विलंब झाला असल्यास कारण. मी लिहिलं: 'ज्या बाईचे कागद गेले तिला तपास अधिकाऱ्याने दोन दिवस एकटीला गाठून विचारले नाही.' वरिष्ठांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "असं कुणी लिहितं का? तुमच्याच नोकरीवर येईल." त्यांनी लाल शाईनं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'चौकशीकामी'.

पुढे धुळ्याला, नंदुरबारला, कुठे कुठे बदल्या झाल्या. हाताखाली फौजदार आले, त्यांना मी शिकवायचो: फिर्याद देणारा एक असतो आणि जिचं गेलं ती दुसरी असते. तिला वेगळं बसवा, दार लावा, मग लेखणी उचला. काही पोरं ऐकायची, काही हसायची की साहेब बायकांच्या बाजूचे आहेत. मी बाजूबिजू कुणाची घेत नव्हतो. चोराला पकडायला मला एका खिसेकापूची मदत लागली, आणि ती बाई माझ्यापासून दहा पावलांवर पेटीवर बसून होती.